मीठ नको म्हणालात, त्याबद्दल

प्रिय आंटी,

तुम्हाला देवनागरी वाचायचा कंटाळा, म्हणून हे पत्र नातीकडून मोठ्याने वाचून घ्या. शेजाऱ्यांच्या कानावर गेलं तर उत्तमच. आभार चारचौघांतच मानावेत, मग ते एका सुपाचे का असेनात.

गेल्या जुलैत मला गोव्यात, म्हापशात येऊन जेमतेम महिना झाला होता. पाऊस हटत नव्हता, ३१ तारखेपर्यंत मासेमारी बंद, आणि तापातून उठल्यावर तोंडाला चव नव्हती. तुम्ही जिन्यावरून विचारलंत, "जेवलो रे?" मी सातारी सवयीने "हो, झालं" म्हणून टाकलं. तुम्हाला ते पटलं नाही. थोड्या वेळाने खाली आलात ते पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, घेतलेली चोरीसची (डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) माळ, पाच बटाटे आणि पालकाची जुडी घेऊन. आता आयतं मिळणार म्हणून मी खूश, तर तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "कर."

तेल शोधायला निघालो तर तुम्ही हात धरलात. सुतळी कापून मणी सोलायचे, आतलं मांस अर्धी वाटी पाण्यात मंद आचेवर ठेवायचं. पाणी आटतं, चरबी सुटते आणि भांड्याच्या कडेने लालभडक तवंग फिरायला लागतो. कांदा-लसूण त्याच तवंगात. मग बटाटे, पाणी, झाकण. बटाटे मऊ झाले की निम्मे डावाच्या पाठीने तिथल्या तिथे चेचायचे. मी मिक्सर काढला तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! मिक्सरमध्ये बटाट्याची खळ होते, हे मला नंतर स्वतःच्या हाताने कळलं. पालक अगदी दोऱ्यासारखा चिरून शेवटची दोन मिनिटं. आणि मीठ? "नाका," म्हणजे नको. चोरीसमध्ये मीठ, मिरची, व्हिनेगर सगळं आधीच ठासून भरलेलं असतं.

याला तुम्ही काल्दो वेर्द म्हणालात. मूळचं ते पोर्तुगालच्या उत्तरेकडचं, मिन्यो प्रांतातलं. तिकडे पालक नाही, कोबीच्या जातीची गडद पानं घालतात, सॉसेज धुरावलेलं असतं आणि सोबत मक्याचा पाव. आपलं चोरीस आंबट आणि झणझणीत, म्हणून मला तरी हे म्हापशाचंच वाटतं. बटाटा हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आला. हे मी आईला फोनवर सांगितलं. काय खाल्लं म्हणून विचारल्यावर "बटाट्याचं सूप" एवढंच म्हणालो होतो, म्हणजे खोटं नाही.

आता एक कबुली. दोन दिवसांनी मी एकट्याने केलं आणि तुम्ही वास घेत खाली आलात, तेव्हा "संपलं" असं म्हणालो. संपलं नव्हतं. मी तेलात मोहरीची फोडणी दिली होती, वर कांदा-लसूण मसाला आणि सवयीने चमचाभर मीठ. दोन घास गेले नाहीत. सगळं पातेलं माडाच्या बुंध्याशी ओतलं आणि तुमच्या कुत्र्याने वास घेऊन तोंड फिरवलं. तुमची अर्धी माळ वाया गेली. ते आज सांगतोय, कारण यंदा मे महिन्यात मी शुक्रवारच्या बाजारात स्वतः उभं राहून दोन माळा घेतल्यात. त्यातली एक तुमची.

तुमचं ॲल्युमिनियमचं पातेलंही वर्षभर माझ्याकडेच आहे. भांडं रिकामं परत करू नये अशी आमच्याकडे रीत, म्हणून त्यात कंदी पेढे घालून नातीबरोबर पाठवतोय.

रविवारी चर्चमधली मिसा झाली की खाली या. पाववाल्या पोदेराकडून पोय मी घेऊन ठेवतो. स्टूल तिथेच आहे, आणि मीठ घातलेलं नाही.

तुमचा,
खालच्या खोलीतला सातारकर