फोटो डबीतून काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतल्या जुन्या फोटोंवरच्या लेखात झाकणाच्या छोट्या डबीत, काचेखाली बसवलेले टिनटाइप ‘डबीतून काढून, स्पिरिटने पुसून फ्रेम करावेत’ असा सल्ला आहे. कृपा करून कोणी तसं करू नये. नाशकात हयातभर स्टुडिओ चालवला. हल्ली मुलाकडे ओहायोला गेलो की जुन्या बाजारात हेच हुडकत फिरतो, म्हणून हक्काने लिहितो.

टिनटाइप म्हणजे काळं रोगण चढवलेल्या पातळ लोखंडी पत्र्यावरचा फोटो. १८५६ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं ते ओहायोतल्याच हॅमिल्टन स्मिथ या प्राध्यापकाने. पत्र्यावर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात (सिल्व्हर बाथ) पत्रा बुडवायचा आणि ओलं आहे तोवर फोटो घेऊन धुवायचा. निगेटिव्ह नाहीच, त्यामुळे दुसरी कॉपीही नाही. वरून व्हार्निशचा हात. स्पिरिटने हे व्हार्निश सुटतं आणि त्याबरोबर चेहराही बोळ्यावर येतो. ओलं फडकं फिरवलं, तर पोपडा उडालेल्या जागी गंज धरलाच म्हणून समजा.

नक्षीदार डबी तर याहून नाजूक. सॅम्युएल पेकने १८५४ साली पेटंट घेतलेली ‘युनियन केस’ चपडा आणि लाकडाचा भुसा तापवून, साच्यात दाबून केलेली असते. हो, आपले सुतार पॉलिशला घेतात तोच चपडा! काही दुकानदार ती बेकलाइट या प्लास्टिकची म्हणून गळ्यात मारतात. बेकलाइट आलं १९०७ साली.

माझ्याकडे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका शिपायाचा फोटो आहे. गालांना गुलाबी हात, बटणांना सोनेरी ठिपके. पट्ट्यावरची ‘यूएस’ ही अक्षरं उलटी, कारण टिनटाइप आरशासारखाच उलटा येतो. झाकणाच्या आतल्या जांभळ्या मखमलीवर फोटोभोवतीच्या पितळी चौकटीचा वळ उमटलाय, तो चौकटीशी तंतोतंत जुळतो. म्हणजे फोटो आणि डबी पहिल्यापासून एकत्र. भाव वाढवायला साधा फोटो भारी डबीत बसवणारे महाभाग बरेच आहेत, तेव्हा घेताना हा वळ जरूर पाहावा. फोटोमागे कधी नावाची चिठ्ठी निघते, कधी केसांची बट. फ्रेम करणारा ती कचऱ्यात टाकणार.

पत्रा आहे की काचेवरचा अँब्रोटाइप, हे कळायला फोटो डबीतून काढावा लागत नाही. वरच्या काचेवर लोहचुंबक अलगद टेकवा. ओढ लागली तर पत्रा. पुसायचीच तर तेवढी बाहेरची काच, कोरड्या मलमलीने.

येत्या रविवारी एवढी दुरुस्ती त्याच पानावर छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त स्टुडिओवाला, नाशिक