मासळी बाजारातल्या मावशींना, तळकरांकडून

मावशी,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये, चष्मा घरी राहिला असं तुम्ही गेली तीन वर्षं सांगताय, त्यामुळे नातवाला मोबाईलवरून मोठ्याने वाचायला सांगा. आणि तो मध्येच हसायला लागला तर त्याला एक ठेवून द्या, कारण पुढे हसण्यासारखं बरंच आहे.

आधी कबुली. मी तुम्हाला म्हटलं होतं ना की माशांचं सगळं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय, तर तसं काही नव्हतं. कॉलेज संपून मला सहा वर्षं झाली. खरं असं आहे की आम्ही पाच मित्र शनिवारी रात्री जमतो आणि एक खेळ खेळतो, त्यात एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, फासे टाकायचे आणि पहाटेपर्यंत भांडायचं. गोष्ट सांगणारा मी. आणि माझ्या गोष्टीत समुद्राच्या तळाशी राहणारी एक जमात होती, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. तुम्ही रविवारच्या ऐन गर्दीत, मागे सात गिऱ्हाईकं ताटकळत असताना, मला माशाचं डोकं फोडून दाखवलंत ते एका खेळासाठी होतं, हे आज सांगतोय. राग आला असेल तर कोलंबीला दहा रुपये जास्त लावा, मी घासाघीस करणार नाही.

तुम्ही भेटायच्या आधी माझी जमात म्हणजे काय होती तर कमरेपर्यंत माणूस, खाली शेपूट, निळी कातडी, डोक्यावर मोत्यांचा मुकुट, मानेवर दोन्ही बाजूंना श्वासासाठी तीन-तीन चिरा आणि हातात त्रिशूळ. नाव ठेवलं होतं ‘थॅलासोरियन’. ते तुमच्यासमोर उच्चारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “काय बाला, खोकल्याचं औषध काय?” मग विचारलंत राहतात कुठे. मी म्हटलं, तळाला. “मग तळकर म्हण की.” झालं! वर्षभर मी नकाशे काढत, नावं शोधत बसलो होतो आणि तुम्ही बोंबलाची शेपटी छाटता छाटता बारसं करून टाकलंत.

चिरांचं पण तुम्हीच निकालात काढलंत. मी मोबाईलवरचं चित्र दाखवलं, तुम्ही काही न बोलता सुरमईचा कल्ला अंगठ्याने उचकटलात आणि आत दाखवलंत, लालभडक कंगवे एकावर एक. एका बाजूला चार. “एवढं सगळं त्या पोराच्या मानेत मावंल काय?” नाही मावणार. घरी येऊन हिशोब काढला तेव्हा कळलं की एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो आणि आपल्या समुद्राच्या कोमट पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा-सात. म्हणजे माशाचा श्वास म्हणजे चाळीस घरं फिरून एका घरची भिक्षा. ते जमतं कारण कल्ल्यात पाणी एका दिशेने जातं आणि रक्त उलट्या दिशेने, त्यामुळे शेवटच्या थेंबापर्यंत काहीतरी ओढून घेता येतं. आता त्यात माणसाचा मेंदू बसवायचा, जो आपल्या अंगातली पाचवा हिस्सा ताकद एकटाच खातो! मग मी तळकरांची मान काढूनच टाकली. डोकं थेट छातीला, छातीभर कल्ले, अंग थंड. विचार करायचा तर भरभर करतात पण थोडाच वेळ, मग प्रवाहाकडे तोंड करून नुसतं पडून राहायचं. माझ्या मित्रांना हे अजिबात आवडलं नाही, त्यांना सुंदर जलपरी हवी होती. एकजण म्हणाला, ही तर तुंबलेल्या मोरीत राहणारी लोकं वाटतायत.

मोरीवरून आठवलं, म्हणजे न्हाणीतली नाही, तुमच्याकडची मुशी, छोटा शार्क. शिळी मोरी मुतासारखी का वासते असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “तिच्या रक्तातच हाय ते.” मला वाटलं तुम्ही असंच बोललात. पण खरंच रक्तातच असतं हो. समुद्राचं पाणी माशाच्या रक्ताच्या जवळपास तिप्पट खारट, त्यामुळे अंगातलं पाणी सारखं बाहेर खेचलं जातं, पाण्यात राहून मासा तहानलेला. म्हणून पापलेट, सुरमई वगैरे सारखं समुद्राचं पाणी पितात आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. मुशी ती भानगड न करता युरियाच रक्तात साठवून ठेवते, आणि ती मेली की त्याचा अमोनिया होतो. आणि गोड्या पाण्यात सगळं उलटं, तिथे पाणी आत शिरतं आणि मासा दिवसभर मुततो. माझे तळकर तर खुशाल समुद्रातून नदीत आणि नदीतून घाटाखालच्या डोहात, लोकल पकडल्यासारखे जात होते. आता तसं नाही, आता वाटेत ‘खाडीचा मुक्काम’ लागतो, आठ-दहा दिवस, अंग पालटेपर्यंत. तिथे त्यांची धर्मशाळा आहे, तिथे निवट्या चिखलात उड्या मारतात आणि तळकरांची पोरं त्यांच्याकडे आपण पक्ष्यांकडे बघतो तशी बघतात.

एक गोष्ट मात्र तुम्हाला न विचारता केली आणि तोंडावर पडलो. आमच्या खेळात एका मित्राच्या कोळ्याने जखमी तळकर राजकन्येला वाचवायचं ठरवलं, तीस मीटर खोलवरून जाळ्यात घालून सरसर वर ओढली. सगळे टाळ्या वाजवतायत आणि मला आठवला तुमच्या टोपलीतला तो खोल पाण्यातला मासा, पोट तोंडातून बाहेर आलेला, आणि तुम्ही म्हणाला होतात “वर येता येता फुगला बिचारा”. पाण्याच्या दाबाने दहा मीटरला हवा निम्मी होते, तीस मीटरला पाव, म्हणजे वर येताना पोटातली हवेची पिशवी चौपट फुगणार. मी सांगितलं, राजकन्या मेली. दोन शनिवार तो मित्र माझ्याशी बोलला नाही.

पण त्या पिशवीनेच तळकरांना बोलायला शिकवलं. तुम्ही घोळ कापलात तेव्हा बोत, म्हणजे तीच हवेची पिशवी, वेगळा काढून ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलात, मी हात लावायला गेलो तर हातावर फटका. (तेव्हा भाव माहीत नव्हता, आता माहितीये, फटका योग्य होता.) तुम्ही म्हणालात घोळ, ढोमी ही सगळी पाण्यात आवाज करणारी मंडळी. ते त्या पिशवीवर स्नायू आपटतात, ढोलकीवर थाप मारल्यासारखे. म्हणजे आवाज पोटातून, तोंडाची गरजच नाही. तेव्हा मला हे नुसतंच गमतीशीर वाटलं होतं, त्याचं काय करायचं ते शिंगाळा बघेपर्यंत कळलं नाही.

तो रविवार मी विसरणार नाही मावशी. शिंगाळ्याचा जबडा उघडलात आणि आत पिवळसर गोट्या, चार-पाच, टाळूला चिकटून. मला वाटलं काहीतरी खाल्लंय. तुम्ही म्हणालात, “पोरं हायेत त्याची. बाप हाय हा.” मी म्हटलं आई असेल. “बाप. आई टाकते नि जाते, हा तोंडात घेऊन फिरतो. खात नाय काय नाय.” मागे एक काका पिशवी हलवत “ओ, माझं सुरमईचं काय” करत होते आणि तुम्ही दोन क्षण त्या गोट्यांकडे बघत बसलात, मग एका बोटाने त्या काढून बाजूच्या पाण्याच्या डब्यात टाकल्यात. जगणार नव्हत्याच त्या, तुम्हालाही माहीत होतं. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्या रात्री तळकर खऱ्या अर्थाने जन्मले. त्यांच्यात बाप अंडी तोंडात धरतो, दोन महिने, उपाशी. जबडा उघडता येत नाही म्हणून तोंडाचे शब्द बंद, फक्त पोटाची थाप चालू. हे सगळं मी पावसाळ्यात बसवलं, तुमची होडी किनाऱ्यावर असते तेव्हा, १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत, म्हणजे वर जाळी नाहीत आणि खाली बापांची गावंच्या गावं गप्प. त्यामुळे तळकरांच्या आरत्यांना शब्द नाहीत, नुसता ठेका आहे. आणि त्यांच्या पुराणात जगातलं पहिलं पाप म्हणजे चोरी नाही की खून नाही, एका बापाने बोलण्यासाठी तोंड उघडलं हे आहे. तो काय बोलला यावरून त्यांच्यात दोन पंथ आहेत. एक म्हणतो त्याने बायकोचं नाव घेतलं, दुसरा म्हणतो तो नुसता जांभई देत होता. (दुसऱ्या पंथात माझे सगळे मित्र आहेत.)

पुराणांचं खातं तर तुमच्याशिवाय उघडलंच नसतं. मी आपला जगभरचं वाचून आलो होतो, ग्रीकांच्या सायरन मुळात पक्ष्याच्या अंगाच्या होत्या वगैरे तुम्हाला ऐकवत होतो, आणि तुम्ही म्हणालात हे लांबचं कशाला, मत्स्यगंधा आमचीच की. आणि मग जे बोललात ते मी घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवलंय: “अंगाचा मासळीचा वास घालवला ते वरदान कसलं रं? वासात काय वाईट?” मी मकरध्वज, मच्छिंद्रनाथ सगळं लहानपणापासून ऐकलेला माणूस, पण सत्यवतीची गोष्ट टोपलीच्या त्या बाजूने कधी ऐकली नव्हती. तळकरांच्यात ती मी उलटी केली. गढूळ पाण्यात चेहरा कोणाला दिसतो, तिथे वास हेच नाव. त्यांच्या गोष्टीत एका मुलीला ऋषी खूश होऊन सुगंध देतो, योजनभर दरवळणारा, आणि ती घरी परत येते तर आई तिला ओळखत नाही. ही गोष्ट मी खेळात सांगितली तेव्हा फासे पडायचे थांबले होते, एवढंच सांगतो.

आणि नारळाचं. मी उत्साहाने सांगितलं की तळकर सुद्धा समुद्राची पूजा करतात, तुम्ही नारळी पौर्णिमेला करता तशी. तुम्ही सुरी थांबवलीत. “आपण करतो कारण आपण काठावर ऱ्हातो. तू हवेला नारळ देतो काय?” मी गप्प. खरंच की, जे चोवीस तास पाण्यात आहेत त्यांना पाणी देव कशाला वाटेल, त्यांना पाणी दिसतच नसेल. त्यांची भीती वरती. जाळी वरून येतात, गळ वरून येतो, गेलेला माणूस वरच जातो आणि परत येत नाही.

मग मी वर बघायला लागलो, म्हणजे खालून. पाण्याखालून वर पाहिलं तर अख्खं आकाश, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या एका गोल खिडकीत मावतं, ९७ अंशांच्या, आणि त्या गोलाच्या बाहेर पाण्याचं छत आरशासारखं असतं, त्यात तळच दिसतो. आपण सरकलो की खिडकी आपल्याबरोबर सरकते. तळकरांचा देव तो. प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःचा, दुसऱ्याचा दिसत नाही. मुंबईच्या गढूळ पाण्यात हे दिसायची सोय नाही म्हणून माझी मंडळी दर्शनाला मालवणकडे जातात, थंडीत, पाणी निवळलं की. वाटेत वर वर जाताना त्यांना पहिल्यांदा लाल रंग दिसतो, कारण खोल पाण्यात लाल आधी विझतो, तिथे रक्त पण हिरवट-काळं दिसतं. त्यांच्या भाषेत लाल या अर्थाचा शब्द नाही, ‘देवाच्या जवळचा’ असा शब्द आहे.

आणि नारळ तर बुडतच नाही! तुम्ही सोन्याचा कागद लावून सोडता तो खालून कसा दिसेल याचा मी आठवडाभर विचार केला. खिडकीत अचानक काळे गोल येतात, कडेला चमकतात, छताला चिकटून डुलत राहतात. तळकरांना ते म्हणजे देवाने दिलेली परवानगी. त्या दिवशी बाप तोंड उघडतात, पोरं बाहेर पोहत येतात आणि दोन महिन्यांनी गावात शब्द ऐकू येतो. पहिला शब्द काय उच्चारायचा ते ज्याचं त्याने दोन महिने ठरवलेलं असतं.

ढोमीच्या डोक्यातले ते दोन पांढरे खडे तुम्ही मला कागदात बांधून दिले होतेत, कानातले. त्यात झाडासारखी वर्षं मोजता येतात हे कळल्यापासून ते आमच्या खेळाच्या पेटीत असतात, फाशांच्या शेजारी. तळकर मेला की त्याचे दोन खडे थोरल्या पोराकडे जातात, बाकी सगळं खेकड्यांना. एक मित्र म्हणाला हे जरा क्रूर वाटतं. मी म्हटलं मावशींना विचारून सांगतो. तर तेवढं सांगा.

तुम्ही मागच्या वेळी निघताना विचारलं होतंत की तुझी ती तळाची लोकं मासे खातात काय, आणि मी गर्दीत उत्तर न देताच सटकलो. खातात. शिंगाळा सोडून सगळं खातात.

येत्या रविवारी येतो. परवा बोंबलाचे दीडशे राहिलेत ते आणतो, आणि जमलं तर एका मित्राला घेऊन येतो, तो राजकन्यावाला, त्याला कल्ला आतून बघायचाय.

तुमचा,
प्रोजेक्टवाला