निधनवार्तेत साल आणि माहेर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात आतल्या पानावर रोज निधनवार्ता येतात. त्यांचा साचा ठरलेला असतो : "अमुक यांच्या मातोश्री गं. भा. तमुक (वय ८५) यांचे मंगळवारी वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात तीन मुलगे, चार सुना, दोन विवाहित मुली, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे." आज वाचणाऱ्याला एवढे पुरते. पण पन्नास वर्षांनी हेच कात्रण एखाद्या पोथीत किंवा ट्रंकेच्या तळाशी सापडते, तेव्हा कुठला मंगळवार, कुठले साल, आणि या बाई मूळच्या कोणाच्या, यातले काहीच कळत नाही. वंशावळ जुळवणाऱ्यांचे घोडे नेमके इथेच अडते.

तरी या चार ओळींत दिसते त्यापेक्षा बरेच काही असते. वरचाच मजकूर घ्या. 'गं. भा.' म्हणजे यजमान आधी गेले. 'कै. सौ.' असते तर बाई सवाष्ण गेल्या आणि यजमान मागे राहिले, असा अर्थ झाला असता. (अलीकडे 'श्रीमती' सरसकट लावतात, त्यामुळे नव्या बातम्यांत त्यावरून काही ठरवू नये.) पुढे मुलगे तीन आणि सुना चार. 'पश्चात' या शब्दाखाली हयात माणसेच मोजतात. तेव्हा बहुधा एक कर्ता मुलगा आईच्या आधी गेला आणि त्याची बायको-मुले घरातच आहेत. त्या मुलाची निधनवार्ता मागच्या वर्षांत शोधायची. सुना कमी भरल्या तर मात्र मुलगा अविवाहित, की सून वारलेली, हे नुसत्या बातमीवरून सांगता येत नाही.

नावाआधीची अक्षरेही बोलतात. 'वै.' (वैकुंठवासी) असेल तर घर वारकरी, 'लिंगैक्य' असेल तर लिंगायत, 'पैगंबरवासी' असेल तर मुसलमान. 'कालकथित' आणि 'पुण्यानुमोदन' हे शब्द बौद्ध घरांतले, म्हणजे १९५६ नंतरचे. त्याच घरातल्या आधीच्या पिढीच्या मजकुरात ते नसतील, हे ध्यानात ठेवावे, नाहीतर एकच कुटुंब दोन वाटते.

नात्याचे शब्द मात्र जपून घ्यावेत. 'बंधू' लिहिलेले असले तरी तो चुलत, मावस किंवा मामेभाऊ असू शकतो, कारण जागा वाचवायला 'चुलत' गाळतात. 'आजोबा' हे आजोबांचे धाकटे भाऊही असतात. सख्ख्या भावाचे आडनाव वेगळे दिसले तर छापण्यातली चूक समजून सोडून देऊ नये, आधी दत्तक गेला होता का ते पाहावे. दत्तकाचे आडनाव आणि बापाचे नाव दोन्ही बदलते. जन्मघरच्या बातमीत तो 'बंधू' म्हणून येतो आणि दत्तकघरच्या बातमीत 'चिरंजीव' म्हणून. सर्वांत जास्त फसगत होते ती नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीने. गणेश रामचंद्र, मग रामचंद्र गणेश, मग पुन्हा गणेश रामचंद्र अशी पाळी चालते आणि आजोबांचे मरण नातवाच्या नावावर चढते. वय आणि पश्चातचा परिवार ताडून पाहिल्याशिवाय अशी जोडणी पक्की करू नये. वयावरही फार विसंबू नये. पूर्ण वर्षे आणि चालू वर्ष यांची गल्लत असते, शिवाय जुन्या माणसांची शाळेतली जन्मतारीख अनेकदा मास्तरांनी घातलेली १ जून असते. मृत्यूच्या सालातून वय वजा केले की जन्मसाल येते खरे, पण मागेपुढे दोन वर्षे धरूनच शोधावे.

आता तारीख. कात्रणावर साल नसले तरी विधीचा उल्लेख असतो. 'दशक्रिया विधी रविवार दि. १७ रोजी' असे असेल तर मृत्यूचा दिवस पहिला धरतात, म्हणून नऊ वजा करायचे : शुक्रवार, दि. ८. कोल्हापूर-सांगलीकडच्या बातमीत 'रक्षाविसर्जन' असते. ते सहसा तिसऱ्या दिवशी, म्हणून दोनच वजा करायचे. विदर्भात 'तेरवी' लिहितात, तिथे बारा. वार जुळतो का पाहावे. जुळला नाही तर विधी सोयीने पुढेमागे केला असे समजावे. मग साल. सतरा तारखेला रविवार वर्षातून कमीत कमी एकदा आणि जास्तीत जास्त तीनदाच येतो. त्यामुळे साल कळले की महिना एक ते तीन पर्यायांवर येतो. साल कात्रणाच्या मागच्या बाजूला शोधा. तिथे सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, निवडणुकीची सभा असे काहीतरी अर्धवट कापलेले असतेच. म्हणून कात्रण कधीही वहीत डिंकाने चिकटवू नये. चिकटवले की साल गेलेच.

तिथी दिली असेल तर काम वेगळे. समजा घरच्या टिपणात 'शके १८७०, सर्वधारी नाम संवत्सर, माघ वद्य पंचमी' असे आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते वर्षअखेरच्या फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा हे १९४९, १९४८ नव्हे. ही एका वर्षाची चूक इतकी नेहमीची आहे की वाचनालयात फाईल मागण्याआधी दोन्ही साले लिहून न्यावीत. संवत्सराच्या नावाने पडताळाही होतो. शकात १२ मिळवून ६० ने भागावे, बाकी उरेल तो साठ संवत्सरांतला, पहिल्या प्रभवापासूनचा क्रमांक. १८८२ ला ६० ने भागून २२ उरतात, आणि बाविसावे संवत्सर सर्वधारीच. जुळले नाही तर शक वाचण्यात चूक आहे. जुन्या हस्ताक्षरात १ आणि ९ सारखे दिसतात.

इंदूर, ग्वाल्हेर, काशीकडच्या मराठी घराण्यांची टिपणे असतील तर आणखी एक पेच. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. त्यामुळे आपला माघ वद्य तो त्यांचा फाल्गुन कृष्ण. महाशिवरात्र आपण माघात धरतो आणि ते फाल्गुनात, तसेच हे. टिपण घरच्या माणसाचे की तिकडच्या उपाध्यायाचे, ते आधी ठरवावे. शिवाय आपला तिथीचा दिवस सूर्योदयापासून चालतो. पहाटे तीनला गेलेल्या माणसाची तिथी आदल्या दिवसाची आणि दाखल्यावरची तारीख पुढची, असा फरक पडतो. तिथे दोन्ही नोंदी बरोबर असतात.

शोधायला निधनवार्तेपेक्षा मला पुण्यस्मरणाची जाहिरात जास्त मोलाची वाटते. बातमी घाईत, कोणीतरी आणून दिलेल्या चिठ्ठीवरून लिहिली जाते. जाहिरात घरचे लोक पैसे मोजून, नावे तपासून देतात. खाली 'शोकाकुल' किंवा 'विनीत' या शब्दापुढे मुले, सुना, जावई, व्याही यांची नावे आडनावांसकट असतात, आणि मुलीकडची आडनावे मिळण्याची हीच एक सोपी जागा. 'दहावे पुण्यस्मरण' असेल तर छपाईच्या सालातून दहा वजा करा. दिवस मात्र तिथीने धरलेला असू शकतो. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे आणि मध्ये अधिक मास येतो, म्हणून मृत्यूची तारीख जाहिरातीच्या मागेपुढे तीन आठवडे शोधावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या 'मयत सभासद' नोटिसाही वाचाव्यात. सभासदाचे नाव आणि सदनिका तिथे एकत्र मिळतात, कधीकधी वारसांची नावेही.

अंक कुठे पाहायचे? पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर (१८५०), नाशिकचे सार्वजनिक वाचनालय (१८४०), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) अशा जुन्या संस्थांत आधी एवढेच विचारावे : कोणत्या दैनिकाच्या, कोणत्या आवृत्तीच्या, कोणत्या सालापासून फायली आहेत. आवृत्तीवर सगळे अवलंबून आहे. साताऱ्याच्या माणसाची बातमी जिल्हा आवृत्तीत छापली जाते, मुंबईच्या आवृत्तीत तिचा मागमूस नसतो. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून आठवडाभराचे अंक पाहावेत. दिवाळी, धुळवड अशा सुट्ट्यांना अंकच निघत नाही, बातमी पुढे सरकते. फोटो काढताना फ्लॅश नको, आणि दैनिकाचे नाव व तारीख असलेली पानाची वरची पट्टी वेगळी टिपावी. १८९७ च्या प्लेगात किंवा १९१८ च्या इन्फ्लुएंझात गेलेल्या साध्या घरातल्या माणसाची बातमी बहुधा मिळणार नाही. तेव्हा जागा नामांकितांनाच होती.

कुणबी नोंदींमुळे २०२३ पासून घरोघर पणजोबांचे नाव शोधले जात आहे. निधनवार्ता हा काही जातपडताळणीचा पुरावा नव्हे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महसुली किंवा शाळेचा कागदच पाहतात. पण तो कागद कुठल्या गावात शोधायचा हे बातमीतले मूळ गाव सांगते. त्यातला जिल्हा त्या काळचा असतो. मालवण, कणकवली १ मे १९८१ पूर्वी 'जि. रत्नागिरी' होते, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात, आणि जुन्या कागदांत सांगली 'दक्षिण सातारा' म्हणून येते. गाव कळले की कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४) आणि वारसाचा फेरफार (जमिनीवर वारसांची नावे लागल्याची नोंद) पाहावा. जुनी कोतवाल बुके मोडी लिपीत असतात, वाचणारा बरोबर न्यावा. फेरफारात मुलींची नावे गाळलेली सापडतात. पण मुले अज्ञान (वयाने लहान) असतील तर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) या तीन अक्षरांपुढे पालनकर्त्या आईचे नाव लिहिलेले असते. निधनवार्तेत जी फक्त 'मातोश्री' होती, तिचे नाव तलाठ्याने असे टिपून ठेवलेले असते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणी आहे, तिथे ही सगळी कसरत बरीच कमी होते.

म्हणून आपल्याला विनंती. निधनवार्तेसाठी कार्यालयात जो कागद भरून घेतात, त्यात तीन रकाने वाढवावेत : मृत्यूची तारीख सालासह, मूळ गाव तालुक्यासह, आणि विवाहित स्त्री असेल तर माहेरचे नाव व आडनाव. लग्नात अनेकींचे पाळण्यातले नावही बदललेले असते, तेव्हा नुसते आडनाव पुरत नाही. छापताना 'मंगळवारी' ऐवजी 'मंगळवार, दि. ६ मे २०२५' आणि कंसात माहेरचे नाव, एवढेच वाढते. जागा हवीच असेल तर 'नातवंडे, पतवंडे असा परिवार' ही ओळ कापावी. ती सगळ्यांच्याच बातमीत सारखी असते.

आपला,
एक वाचक, सातारा