तक्रार पत्र : नोकरदार पालकांसाठी म्हणून विकलेल्या कापडी डायपरांबाबत

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष कापडी डायपरांची रक्कम परत मिळणे व जाहिरातीतील दावा दुरुस्त करणे याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या संकेतस्थळावरून मे महिन्यात मी माझ्या मुलासाठी बारा कापडी डायपरांचा संच मागवला. खोक्यावर "नोकरदार आईवडिलांसाठी : रात्री धुवा, सकाळी वापरा" असे ठळक छापलेले आहे आणि तेवढे वाचूनच मी ही खरेदी केली. माझी नोकरी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत असून मूल दिवसभर पाळणाघरात असते. उन्हाळ्यात तक्रारीला जागा नव्हती. पाळणाघरातील ताईंनीही टिचबटणे लावण्याची पद्धत चटकन उचलली. कापडी डायपरांविषयी माझ्या मनात आकस नाही, हे यासाठी सांगते.

पावसाला सुरुवात झाली आणि आपला दावा टिकेनासा झाला. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली जातो त्या दिवसांत कोल्हापुरात ऊन कसे दिसते हेही विसरायला होते, आणि कपडे घरातच दोरीवर, पंख्याखाली वाळवावे लागतात. रात्री धुतलेले डायपर सकाळी वरून हाताला कोरडे लागते, पण मधोमध चिमटीत दाबले की आतला थर ओला असल्याचे कळते आणि कुबट वास येतो. असे डायपर तान्ह्या मुलाला बांधता येत नाही. कारण उघड आहे. शोषक पॅडचे अनेक थर एकावर एक शिवलेले असून ते पॅड दोन्ही टोकांना जलरोधक कव्हरला कायमचे जोडले आहे, त्यामुळे त्या बाजूने हवाच लागत नाही. संकेतस्थळावरील छायाचित्रात मात्र पॅड कव्हरपासून सुटे काढून दाखवले आहे. तसे ते खरोखर सुटे असते, तर पातळ कव्हर तासाभरात पंख्याखाली वाळले असते आणि सुती पॅडवर इस्त्री फिरवून वेळ निभावता आली असती. जोडलेल्या पॅडवर इस्त्री करता येत नाही, कारण उष्णतेने कव्हरवरील पॉलियुरेथेनचा जलरोधक थर खराब होतो. आपल्याच माहितीपत्रकात इस्त्री आणि ड्रायर दोन्हींना मनाई आहे. माझ्या सासूबाईंनी जुन्या धोतराचे शिवलेले एकपदरी लंगोट त्याच दोरीवर सकाळपर्यंत खडखडीत वाळतात, हे येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. माहितीपत्रकातील सूचनेप्रमाणे थंड पाण्यात, सौम्य साबणाने, कपडे मऊ करणारे द्रावण न वापरता धुऊनही पाच डायपरांच्या आतील जलरोधक थराला फुगे आले असून शिवणीलगत तो कापडापासून सुटला आहे. नळाखाली धरले असता पाणी आरपार झिरपते. हा वापराचा नव्हे, मालाचा दोष आहे.

यावर आपल्या ग्राहक सेवेने "डायपर दिवसा कडक उन्हात वाळवावेत" एवढेच उत्तर पाठवले. दिवसा घरी राहून उन्हाकडे लक्ष ठेवणे ज्यांना शक्य आहे, त्यांच्यासाठी हे उत्पादन असेल, तर खोक्यावर नोकरदार आईवडिलांचे नाव घालण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा व्हावा.

संपूर्ण संचाची रक्कम परत करावी, छायाचित्र व "सकाळी वापरा" हा दावा मागे घ्यावा आणि पॅड सुटे आहे की शिवलेले, हे खोक्यावर स्पष्ट छापावे, ही विनंती. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे मला दाद मागावी लागेल.

पावतीची प्रत व खराब डायपरांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. संच परत नेण्यासाठी माणूस पाठवायचा झाल्यास सायंकाळी सातनंतर पाठवावा. त्याआधी घराला कुलूप असते.

आपली,
एक ग्राहक
राजारामपुरी, कोल्हापूर