तू पाठवलेला खोका

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

टेलोमिअर मोजून शरीराचं वय सांगायच्या तपासणीचा, वाढदिवसाला तू पाठवलेला पांढरा खोका तीन आठवडे टेबलावर पडून आहे. उघडून पाहिला. बोटाला टोचायच्या दोन सुया, रक्ताचे थेंब सोडायची जाड कागदाची पट्टी, एक फॉर्म आणि परतीचं पाकीट. बाबा रोज सकाळी विचारतात, "टोचलंस का?" नाही टोचलं आणि टोचणारही नाही. सुईची भीती मला नाही, हे तुला सांगायला नको. सगळी नोकरी लॅबमध्ये दुसऱ्यांच्या शिरा शोधण्यात गेली.

फोनवर तू म्हणालीस, "आई, निदान तुझं खरं वय तरी कळेल." खरं वय एकाहत्तर आहे, बाळा. जन्मदाखला कपाटात आहे.

चेष्टा सोडून सांगते. टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्राचं टोक, हा विषय मला आवडतो, म्हणूनच त्या कागदी पट्टीचा राग येतो. आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाशी टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं हजारो वेळा पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. त्यांत मजकूर काही नसतो. वहीच्या शेवटी कोरी पानं सोडतात ना, तसंच. पेशी दुभंगताना नक्कल करणारी यंत्रणा अगदी टोकापर्यंत पोचत नाही, दर खेपेला थोडं राहून जातं. कोरी पानं गेली तर बिघडत नाही, पण ती संपत आली की पेशी दुभंगणंच थांबवते. लेनर्ड हेफ्लिकने 1961 मध्ये दाखवलं की काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण चाळीस ते साठ वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. तोपर्यंत त्या अमर असतात असंच सगळे धरून चालले होते. असं का होत असावं, याचा अंदाज रशियन शास्त्रज्ञ ऑलोव्हनिकोव्हने 1971 मध्ये नुसता विचार करून बांधला.

आणि मग 1984. नाताळच्या दिवशी कॅरोल ग्रायडर नावाची विद्यार्थिनी प्रयोगशाळेत गेली आणि तिने फिल्म काढून पाहिली. तळ्यातल्या एका सूक्ष्म जीवाच्या अर्कात टोकं वाढवणारं काहीतरी आहे का, हे ती शोधत होती. फिल्मवर काळ्या पट्ट्यांची शिडी उमटली होती, आणि ती सहा-सहा अक्षरांच्या अंतराने! टोकं वाढवणारं ते विकर (एन्झाइम) म्हणजेच टेलोमरेज. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शॉस्टाक यांना 2009 चं नोबेल मिळालं. मी जन्मभर फिल्म, पट्ट्या नि डाग पाहिलेत. त्यामुळे ती शिडी पाहताना तिला काय वाटलं असेल, ते मला थोडंफार कळतं.

आता त्या पट्टीकडे येते. जन्मतः टेलोमिअर दहा हजार अक्षरांच्या आसपास असतं, माझ्या वयात पाच-सात हजार उरतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दरवर्षी साधारण वीस ते पन्नास अक्षरं झिजतात. एकाच नमुन्याची पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या नकला वाढवून मोजायच्या पद्धतीने, दोनदा मोजणी केली आणि पाच टक्के फरक आला, तर मी त्या कामाला नावं ठेवणार नाही, इतकं होतंच. पण सहा हजारांचे पाच टक्के म्हणजे तीनशे अक्षरं, म्हणजेच सहा ते पंधरा वर्षांची झीज. मोजणाऱ्याचा हात हलला की माझं वय पंधरा वर्षांनी मागेपुढे! त्यात एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांच्या लांबीतही हजारो अक्षरांचा फरक असतो. असा रिपोर्ट मी कधी सहीसाठी पुढे सरकवला नसता.

शिवाय लांब म्हणजे चांगलं, हेही सरळ नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराचं टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब, आणि जगतो किती? दोन-तीन वर्षं. अगदी आखूड असण्याचे आजार आहेत. अस्थिमज्जा आटते, फुफ्फुसं कडक होतात. पण उपजत लांब टेलोमिअर असणाऱ्यांत काही कॅन्सरचा धोका जास्त दिसतो. पेशीला थांबायला लावणारा लगाम सैल झाला, की नको ती पेशीही धावत सुटते. "टेलोमिअर वाढवा" म्हणून गोळ्या विकणारे हे सांगत नाहीत.

एक गंमत सांगते. बापाचं वय जास्त असेल तर मुलाचं टेलोमिअर सरासरीने लांब असतं, कारण शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींत टेलोमरेज चालू राहतं. तू झालीस तेव्हा बाबा एकेचाळीसचे होते. तेव्हा घरात ज्यांनी नाकं मुरडली, त्यांना हे सांगायला हवं होतं.

आता जे तू बोलली नाहीस, पण मला कळलं, त्याबद्दल. तू ते 2004 चं संशोधन वाचलं असणार. आजारी मुलाची वर्षानुवर्षं काळजी घेणाऱ्या आया, आणि ज्यांना ताण जास्त जाणवत होता त्यांची टेलोमिअरं आखूड. आजी अंथरुणाला खिळून होत्या ती सहा वर्षं तुझ्या डोक्यात आहेत, आणि तेव्हा तू परदेशी होतीस हेही. त्या अभ्यासात सगळ्या मिळून 58 बायका होत्या. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा संबंध दिसतो, पण बराच फिका. माझ्या रक्तात तुझ्या गैरहजेरीचा हिशोब लिहिलेला नाही, मनू. ती वर्षं जड गेली हे खरं. माझी पाठ तेव्हाच धरली, झोप तेव्हाच मोडली. त्याला मोजणी लागत नाही, मी सांगते आहे ना.

मोजायचीच हौस असेल तर मी रोज मोजते ते सांगते. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवायची, दोन्ही हात छातीवर दुमडायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. माझ्या वयाच्या बाईला दहापेक्षा कमी आले तर पडण्याचा धोका जास्त धरतात. पहिल्या दिवशी माझे आठ झाले. नवव्याला मांड्या थरथरायला लागल्या, अर्ध्यातून धप्पकन खाली बसले आणि बाबा घाबरून धावत आले. आता बारा होतात. चालण्याचा वेगही तसाच बोलका असतो. पासष्टीपुढच्या चौतीस हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून 2011 मध्ये दाखवलं गेलं, की नुसत्या चालण्याच्या वेगावरून पुढच्या आयुष्याचा अंदाज बऱ्यापैकी येतो. आणि 1990 मध्ये नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायाने वजनं उचलून घेतली, तर पायांची ताकद 174 टक्के वाढली. नव्वदीत! मी अजून लहान आहे म्हणायची.

येशील तेव्हा स्टॉपवॉच तू धर. बाबा माझी बाजू घेऊन तीस सेकंदांची पस्तीस करतात.

फॉर्म आणि पट्टी रद्दीत घातली. सुया मात्र छान बारीक आहेत, त्या बाबांच्या साखरेच्या तपासणीसाठी ठेवून घेतल्यात. चालेल ना?

तुझी,
आई