डोंगरावरच्या डिस्क गोल्फबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: अमेरिका सहलीतल्या 'डिस्क गोल्फ' कार्यक्रमाचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

जुलैत तुमच्याबरोबर केलेल्या सहलीत आम्ही चौघांनी कोलोरॅडोतल्या स्की रिसॉर्टवरच्या डिस्क गोल्फसाठी माणशी साडेसहा हजार रुपये वेगळे भरले. या खेळात प्लास्टिकची चकती, म्हणजे डिस्क, फेकत फेकत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची असते. पत्रकात लिहिलं होतं, 'हिरवळीवर कुटुंबासह रमतगमत दोन तास'. हे लिहिणारा त्या डोंगरावर कधी गेलेला नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

हिवाळ्यात लोक जिथून स्कीवर घसरत येतात तोच तो उतार. उन्हाळ्यात तिथे गुडघाभर गवत, सुटे दगड आणि मधूनच सायकलवाल्यांची वाट. माझे सासरे ७१ वर्षांचे. ते सँडल घालून आले, कारण तुमच्या सूचनांत बुटांचा उल्लेखच नाही. डेन्व्हर शहरच जवळजवळ कळसूबाईएवढ्या उंचीवर आहे, आणि लिफ्टने आम्ही पोचलो ते त्याच्या दुप्पट. आदल्या रात्री विमानातून उतरलेल्या माणसांना थेट तिथे नेलंत! चौथ्या बास्केटपाशी आमच्या ह्यांचं डोकं ठणकायला लागलं.

डिस्क दिल्या त्याही सगळ्या ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याच्या, खूप जोरात फेकाव्या लागणाऱ्या. डेन्व्हरला राहणारा माझा भाचा दर रविवारी हा खेळ खेळतो, तो त्या बघून हसलाच. नवशिक्याला मध्यम पल्ल्याच्या मिडरेंज आणि जवळून टाकायच्या पटर पुरे असतात म्हणे. ड्रायव्हरला वेग देता आला नाही की ती लगेच डावीकडे वळून पडते, आणि विरळ हवेत तर आणखी लवकर. आमच्या दोन अशाच गवतात गेल्या. त्यांचे ४० डॉलर मात्र तुमच्या टूर मॅनेजरने हॉटेलवर न चुकता वसूल केले.

हे सगळंही मी सोडून दिलं असतं. खेळ खरंच छान आहे, बास्केटच्या साखळ्या पहिल्यांदा खणखणल्या तेव्हा सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या डोंगरांत उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडतात, हे भाच्याला ठाऊक आहे, लिफ्टवरच्या मुलालाही ठाऊक आहे. तुम्हालाच नव्हतं? सकाळी नऊला निघालेली बस तुम्ही वाटेत आउटलेट मॉलला दोन तास थांबवलीत. खेळ सुरू व्हायला एक वाजला. अडीचला गडगडाट झाला आणि नियमाप्रमाणे लिफ्ट बंद. १८ पैकी नऊ बास्केट झाल्या होत्या. सासऱ्यांना रिसॉर्टच्या लोकांनी आपल्या गाडीतून खाली नेलं. आम्ही तिघं पावसात भिजत दीड तास कच्च्या रस्त्याने उतरलो. तुमचा मॅनेजर खाली कॅफेत होता, फोन उचलत नव्हता.

यावर तुमचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तर: 'हवामान आमच्या हातात नसतं.' मान्य. मॉल तर होता ना?

चौघांचे २६ हजार रुपये आणि डिस्कचे ४० डॉलर १५ दिवसांत परत करावेत. पावत्या सोबत जोडल्या आहेत. पैसे न मिळाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आणि पत्रकातली ती 'हिरवळ' तेवढी काढून टाका.

आपली,
एक ग्राहक, पुणे