पायराझिनामाइड लागू पडतं का, हे रुग्णाला कोण सांगणार?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

२०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करू, असा शब्द सरकारने दिला होता. ते वर्ष सरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये लाखामागे २३७ जणांना क्षय होत होता, २०२४ मध्ये १८७ जणांना. घट २१ टक्के. शब्द एवढ्याचा नव्हता.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर भिस्त आहे. एक्स-रे वाचणारी प्रणाली उपयोगी आहेच. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या तालुक्यात ती संशयित रुग्ण हेरते. पण कोणतं औषध चालेल, हे एक्स-रेत दिसत नाही. ते जीवाणूच्या जनुकांत शोधावं लागतं, आणि तिथे आपण फार मागे आहोत.

क्षयाच्या उपचारात पहिल्या दोन महिन्यांच्या गोळ्यांत पायराझिनामाइड हे औषध असतं. सीबीनॅट आणि गोव्यात बनणारं ट्रूनॅट या जनुकीय तपासण्या रिफाम्पिसिन या औषधाचा प्रतिरोध, म्हणजे जीवाणू औषधाला जुमानत नाही हे, पकडतात; एलपीए ही तपासणी आयसोनियाझिड या औषधाचाही. पायराझिनामाइडचं उत्तर या तपासण्यांत मिळत नाही. रिफाम्पिसिनचं काम सोपं, कारण बहुतेक बदल आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात होतात. पायराझिनामाइड मात्र जीवाणूच्या पीएनसीए जनुकापासून बनणाऱ्या विकराने (एन्झाइमने) फोडल्यावरच औषध बनतं. हे जनुक ५६१ अक्षरांचं, विकर १८६ अमिनो आम्लांचं. त्यात जवळपास कुठेही बिघाड झाला तरी गोळी वाया जाते. रुग्णाच्या यकृतावरचा ताण आणि सांधेदुखी तेवढी उरते.

कल्चरवर, म्हणजे जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून तपासावं, तर ते औषध आम्लातच काम करतं. त्यासाठीच्या एमजीआयटी नळीत पीएच (आम्लतेचं माप) ५.९, औषध मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. जीवाणू जास्त पडले की तेच माध्यमाची आम्लता कमी करतात, औषध लुळं पडतं आणि बरा होऊ शकणारा रुग्ण 'प्रतिरोधी' ठरतो.

म्हणून इथे मशीन लर्निंग हवं, म्हणजे जनुकातला बदल पाहून औषध चालेल का, हे उदाहरणांवरून शिकणारं संगणकीय मॉडेल. विकराची त्रिमितीय रचना २०११ पासून उपलब्ध आहे. प्रत्येक बदल विकर जिथे काम करतं त्या क्रियास्थळापासून (८, ९६ आणि १३८ क्रमांकांची अमिनो आम्लं) किती दूर आहे, विकरातल्या लोहाची जागा हलते का, विकराच्या घडीची स्थिरता किती घटते, हे मोजून मॉडेल शिकवता येतं. साध्या संगणकावर होतं हे, मंत्रिमहोदय! जीपीयूंच्या (कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या महागड्या चिपच्या) घोषणा आम्हाला नकोत. हवीत ती खात्रीची उत्तरं, म्हणजे जनुकक्रम आणि त्याच जीवाणूचा कल्चर-निकाल, जोडीने.

जोडी कच्ची असेल तर मॉडेल खोटं शिकतं. औषधं एकत्र दिली जातात, त्यामुळे प्रतिरोधही एकत्र साचतो. मग कॅटजी जनुकातला आयसोनियाझिडचा बदल पाहून मॉडेल पायराझिनामाइडचा निर्णय देतं. एकाच साथीतले जुळे जीवाणू शिकवणीतही आणि परीक्षेतही आले, की कागदावर अचूकता फुगते आणि दुसऱ्या जिल्ह्यात कोसळते. शिकवणी आणि परीक्षेच्या नमुन्यांची यादृच्छिक विभागणी करून ९५ टक्के अचूकता दाखवणारी सादरीकरणं आपल्यापुढेही येत असतील. विभागणी जीवाणूंच्या वंशावळीनुसार केली का, एवढं एकदा विचारा. हे आम्ही कळवळून सांगतो आहोत.

जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे एक या देशात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ५२ हजारांहून अधिक जीवाणूंच्या आधारे उत्परिवर्तनांची सूची काढली. आम्ही मागितलेली जोडलेली माहिती मात्र अजून मिळालेली नाही. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरतो, समितीची बैठक पुढे ढकलली जाते. तोवर कंत्राट संपून तंत्रज्ञ निघून जातो आणि शून्याखाली ८० अंशांवर जपलेल्या नमुन्यांची नोंदवही वाचणारं कोणी उरत नाही. माहिती जनतेच्या थुंकीतून आली, जनतेच्या पैशाने तपासली, मग ती कपाटात कुणासाठी? या देशात प्रत्येक खातं माहितीला आपली जहागीर समजतं, आणि किंमत कामाठीपुऱ्यातल्या नाही तर मेळघाटातल्या फुप्फुसांनी मोजायची.

जनुकक्रम काढलेल्या प्रत्येक जीवाणूची कच्ची फाइल आणि औषधवार निकाल फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात एकत्र ठेवा. निकालासोबत माध्यम, पीएच, औषधाचं प्रमाण, तारीख आणि जिल्हा असू द्या. रुग्णाचं नाव आणि निक्षय (सरकारी क्षयनोंदणी) क्रमांक काढून टाका. बदल असूनही औषधाला दाद देणारे जीवाणू वगळू नका, मॉडेलला तेच सर्वांत जास्त शिकवतात. जिथे जनुक आणि कल्चर यांचं जुळत नाही, तिथे कमी जीवाणू घालून चाचणी पुन्हा करा. आणि ती करणाऱ्या तंत्रज्ञाला कायम नोकरी द्या.

पुढच्या २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनी, भाषणाआधी यांतलं काय झालं ते सांगा. आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत.

आपले,
क्षयजीवाणूंच्या जनुकांवर काम करणारे संशोधक